रेषेची जाडी

पुतू गावडेने तीन दिवस पिकासाचे घाव घातले
तेव्हा कुठे चिऱ्यात एक खड्डा झाला, गुडघाभर.
मजुरी मोजून घेताना म्हणाला,
"बाये, दुसरा सांगू नकोस. खाली सगळा दगडच आहे."

म्हणजे एकच.
आणि बाणस्तारीच्या बाजारातून मी आणली होती दोन रोपं,
एक ऐन, एक पिटकोळी,
काळ्या पिशव्यांतली, दोन्ही वीतभर.
सोप्यावर शेजारी ठेवली तर परक्याला जुळी वाटावीत.
कायतान ऐनाची किंमत सांगायलाच तयार नव्हता.
"ऐन कोण लावतो घराकडे? तो रानात आपला आपण येतो.
न्या तसाच. पिटकोळीचे मात्र साठ."

एकतीस वर्षं मी फोंड्याला मोजणी कचेरीत नकाशे काढले.
खोड मांडीएवढं झालं की झाडाला एक वर्तुळ, आत आकडा.
आंबा, फणस, माड, ऐन.
वाटणीत, कोर्टात
झाड साक्षीला उभं राहतं.
झुडपाला खूण नाही.
विहिरी घेतल्या, पायवाटा घेतल्या,
सावर्ड्याचा एक पडका संडाससुद्धा घेतला कागदावर,
पिटकोळी एकही नाही.

म्हणून माझा हात ऐनाकडे जातो.
साल सुसरीच्या पाठीची.
भर चैत्रात खोडात पाणी राखून असतो म्हणतात,
मी कधी कोयता मारून पाहिलं नाही.

पण मला चौसष्ट संपलं.
याची सावली पडेल तेव्हा खाली बसेल
पुतण्याचा मुलगा,
किंवा दिल्लीचा कोणी, ज्याला पुतण्याने घर विकलं,
आणि तो पहिल्यांदा काय करेल तर
विजेच्या तारेसाठी याचा उजवा हात तोडेल.

पिटकोळी यंदाच फुलेल.
फुलांतला मध चोखायला शाळेची पोरं गडग्यावर चढतील,
मी ओरडेन,
ती पळतील, एकाची चप्पल माझ्याकडे राहील.
हा सगळा हिशेब माझ्या हयातीत बसतो.
सुलक्षावहिनी फोनवर म्हणाली, "देवाला तरी होतील फुलं.
ऐनाचं काय, सरपण?"

नऊ दिवस पिशव्या सोप्यावर.
ऐनाने असलेली चार पानं टाकली. नखाने खरवडलं,
आत हिरवं.
पिटकोळीने पिशवीतच एक झुबका काढला, लालभडक,
कोणाची मंजुरी न घेता.

दहाव्या रात्री झोप आली नाही, आणि आठवली
एकोणनव्वदच्या मे महिन्यातली एक दुपार.
पंखा बंद. ट्रेसिंग कापड मनगटाला चिकटत होतं.
माझं परस आणि गोकुळदासबाबचं कुळागर
यांच्यामधली रेघ मीच मारली होती,
शाई घामात उतरली आणि रेघ फुगली.
हजारास एक या प्रमाणात
अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर.
साहेब म्हणायचे, निब घासून घ्या बाई,
रेघ सुजली की डोकी फुटतात.
कोणाचं फुटलं नाही. मी कोणाला सांगितलंही नाही.

सकाळी पिटकोळी खड्ड्यात लावली.
खड्डा तिला मोठाच झाला,
नव्या कारकुनीला साहेबांची खुर्ची व्हावी तसा.
मग ऐन आणि पहार घेऊन मेरेवर गेले.
तिथे माती मऊ निघाली,
इतकी वर्षं दोघांनीही दुसऱ्याची म्हणून सोडलेली.
भोक तिरकं पडलं. तिरकंच राहू दिलं.

पोफळींतून गोकुळदासबाब बघत होता, हातात कोयती.
"बाये, हें झाड तुजें काय म्हजें?"

मी अंगठ्याने माती दाबत राहिले.
मग म्हटलं,
"मोजणीला अर्ज कर.
पंधरा वर्षं लागतात.
तोवर याचं वर्तुळ काढण्याजोगं होईल."